व्हिक्टोरियन वनस्पतिशास्त्रज्ञांची पत्रं: गाऱ्हाणी वगळून वाचू नका

विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची पत्रं वाचायला घेतली की निम्मा मजकूर रडगाण्याचाच निघतो. पगार पुरत नाही, श्रेय दुसऱ्याने लाटलं, पेटी वाटेतच कुजली, वरिष्ठ छळतो. हे सगळं माणसांच्या स्वभावाच्या खात्यात टाकून फक्त झाडांबद्दलचा मजकूर तेवढा उचलावा का?

माझं उत्तर स्वच्छ नकाराचं आहे. वनस्पतींच्या नावांचा गुंता सोडवणं हे माझं काम. त्यासाठी हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या शीट (नमुना चिकटवलेले कागद) आणि त्या शीटच्या मागची पत्रं, दोन्ही वाचावी लागतात. ज्याला तुम्ही रडगाणं म्हणता, तिथेच त्या काळात विज्ञानाचे नियम ठरत होते. झाडाला नाव द्यायचा हक्क कोणाचा, नमुन्यावर मालकी कोणाची, वनस्पती उद्यान कशासाठी असतं, या प्रश्नांची सगळ्यांनी मानलेली लेखी नियमावली नव्हती. ती भांडणांतून तयार झाली, आणि भांडणं पत्रांत आहेत.

आधी हा व्यवहार चालायचा कसा ते पाहू. विल्यम हूकर १८४१ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानाचा संचालक झाला, तेव्हा जगभरातून नमुने पाठवणारी बहुतेक माणसं पगारी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हती. कोणी ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, कोणी पाद्री, कोणी जमीनमहसुलाचा अधिकारी. त्यांना पैसे मिळत नसत. मोबदला म्हणून पुस्तकं मिळत, नमुने दाबायचा कागद मिळे, पाठवलेल्या झाडांची नावं लिहिलेली यादी परत येई. आणि सगळ्यात मोलाचा मोबदला म्हणजे एखाद्या झाडाच्या लॅटिन नावात स्वतःचं नाव.

हे आपल्या सह्याद्रीत आजही दिसतं. शिवनेरीच्या कड्यावर फुलणारी फ्रेरिया इंडिका, जिला आता बरेच जण शिवसुमन म्हणतात, तिचं नाव मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून आहे. ते ठेवलं निकोल डाल्झेलने, जो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक होता. गव्हर्नर हा त्याचा वरचा साहेब. सेरोपेजिया लॉई हे हरिश्चंद्रगडाच्या परिसरातल्या कंदीलपुष्पाचं नाव जॉन लॉ या मुलकी अधिकाऱ्याच्या नावाने दिलं ते विल्यमच्या मुलाने, जोसेफ हूकरने. लॉने नमुने गोळा केले, हूकरने नाव दिलं. नावाच्या एका शब्दात कोणी कोणाचं देणं फेडलं हे वाचता येतं. हा हिशेब जिथे जुळत नाही, तिथे गाऱ्हाणं सुरू होतं.

न्यूझीलंडमधला विल्यम कोलेन्सो घ्या. पेशाने छापखानेवाला आणि मिशनरी. १८४१ मध्ये अंटार्क्टिक मोहिमेवरच्या ‘एरेबस’ जहाजातून तरुण जोसेफ हूकर तिथे उतरला, दोघे बरोबर रानात हिंडले, आणि पुढे अनेक वर्षं कोलेन्सो डोंगर पालथे घालून क्यूला गठ्ठेच्या गठ्ठे पाठवत राहिला. हळूहळू तो स्वतःच नव्या जातींची वर्णनं लिहू लागला. १८५४ च्या सुमाराला हूकरने त्याला सरळ लिहिलं की हाताशी हर्बेरियम नसल्यामुळे जगातले काही सर्वांत परिचित नेचे (फर्न) तुम्ही नवे म्हणून वर्णिले आहेत.

हे वाक्य उद्धट आहे, आणि नेच्यांपुरतं ते खरंही आहे. नेच्यांच्या कित्येक जाती अर्ध्या जगात पसरलेल्या असतात. एका बेटावर बसून त्या नव्या आहेत की जुन्या, हे ठरवता येत नाही. पण कोलेन्सोची बाजूही पोकळ नव्हती. त्याने ती झाडं जिवंत, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या उंचीवर पाहिलेली होती आणि त्यांची माओरी नावं त्याला ठाऊक होती. क्यूच्या कपाटात त्याच झाडाची एक वाळलेली फांदी होती, आणि तीसुद्धा कोलेन्सोनेच पाठवलेली. हूकरने न्यूझीलंडच्या वनस्पतींवरचा आपला ग्रंथ ज्यांना अर्पण केला त्यांत कोलेन्सो आहे, कोलेन्सोआ अशी एक प्रजातीही (म्हणजे जवळच्या जातींचा गट) त्याच्या नावाने केली. म्हणजे मान भरपूर दिला, नाव द्यायचा हक्क मात्र दिला नाही. त्या काळातल्या बहुतेक वसाहती पत्रव्यवहाराचं मर्म याच फरकात आहे. आभाराची आणि तक्रारीची पत्रं एकाच माणसाकडून, कधी कधी एकाच पाकिटातून येतात, म्हणून गोंधळायचं कारण नाही.

याचं सर्वांत मोठं, आणि मला सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण फर्डिनांड फॉन म्युलरचं. जन्म जर्मनीतल्या रोस्टॉकचा, कीलला शिकलेला, औषधविक्रीचा धंदा शिकलेला. क्षयाने घरची माणसं गेली म्हणून १८४७ मध्ये कोरड्या हवेसाठी ऑस्ट्रेलिया गाठली. १८५३ मध्ये तो व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, १८५७ मध्ये मेलबर्न उद्यानाचा संचालक. आयुष्यभर अविवाहित राहिला आणि पत्रं लिहीत राहिला. वर्षाला काही हजार पत्रं त्याच्या हातून जात असा अंदाज आहे. सगळ्या ऑस्ट्रेलियाची वनस्पतिसंपदा एका ग्रंथात आणायची हे त्याचं स्वप्न होतं, आणि त्या खंडात ते काम करू शकणारा दुसरा माणूस नव्हता.

काम दिलं गेलं ते लंडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथमला, ज्याने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवलं नाही. क्यूचं म्हणणं असं: १७७० मध्ये बँक्स आणि सोलँडरने, आणि नंतर रॉबर्ट ब्राउनने गोळा केलेले मूळ नमुने लंडनमध्ये आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतंच नाव पक्कं होणार नाही. म्युलरने इंग्लंडला यावं. म्युलर गेला नाही. मग तडजोड अशी झाली की म्युलरने आपलं हर्बेरियम एकेका कुलाच्या (नात्याने जवळच्या वनस्पतींच्या मोठ्या गटाच्या) क्रमाने पेट्यांत भरून समुद्रमार्गे क्यूला पाठवायचं, बेंथमने ते पाहून लिहायचं आणि पेट्या परत धाडायच्या. १८६३ ते १८७८ या काळात सात खंड निघाले, आठ हजारांहून जास्त जाती. मुखपृष्ठावर बेंथमचं नाव, आणि त्याखाली ‘फर्डिनांड म्युलर यांच्या साहाय्याने’.

या पंधरा वर्षांतली पत्रं वाचताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. मेलबर्नहून लंडनला पत्र पोचायला तेव्हा साधारण दोन महिने लागत, उत्तराला तितकेच. म्हणजे म्युलरचा राग बेंथमच्या हाती पडेपर्यंत म्युलर कदाचित शांत झालेला असे, आणि बेंथमचं समजुतीचं पत्र येई तेव्हा त्याने दुसरं तिखट पत्र टपालात टाकलेलं असे. नुसत्या तारखांच्या क्रमाने पत्रं वाचली तर म्युलर हट्टी आणि तऱ्हेवाईक वाटतो. पत्र लिहिल्याच्या तारखेबरोबर ते पोचल्याची तारीख मांडून वाचलीत तर तोच माणूस बराच समजूतदार दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी असा दोन रकान्यांचा तक्ता करायला लावतो.

त्याच काळात म्युलर मेलबर्नहून आपल्या लॅटिन नियतकालिकात नवनव्या जाती भराभर छापत होता. पुष्कळांना ही नुसती घाई वाटते. पण पेट्या क्यूला पोचण्याआधी नाव छापून झालं तर ते नाव म्युलरचं राहणार होतं. गाऱ्हाणं पत्रात होतं आणि त्यावरची उपाययोजना छापखान्यात. ही पत्रं नुसती चाळून सोडणाऱ्याला ऑस्ट्रेलियन वनस्पतींच्या नावांमागे ‘एफ. म्युएल.’ हे संक्षिप्त नाव इतक्या वेळा का येतं, ते कळणारच नाही. १८८२ मध्ये म्युलरने ऑस्ट्रेलियन वनस्पतींची पद्धतशीर यादी काढली, नावांच्या मूळ तारखा शोधून. थकलेल्या बेंथमने त्यावर लिहिलं की तारखांच्या शोधाचं हे काम कष्टाचं आहे खरं, पण हे काही वनस्पतिशास्त्र नव्हे. आज नावांच्या अग्रक्रमाचा, म्हणजे आधी छापलेलं नाव ग्राह्य धरण्याचा, सगळा कारभार तारखांवरच चालतो. या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे म्युलरच्या बाजूचा आहे.

१८७३ मध्ये म्युलरला उद्यानाच्या संचालकपदावरून काढलं. लोकांना हिरवळ, फुलांचे ताटवे, फिरायला वळणदार वाटा हव्या होत्या. म्युलरने बागेत ओळीने, कुलवार झाडं लावली होती. त्याच्या जागी विल्यम गिलफॉइल आला आणि आज मेलबर्नची जी बाग देखणी म्हणून ओळखली जाते ती बरीचशी त्याने घडवलेली. म्युलरचा हुद्दा राहिला, पगार राहिला, बाग गेली. त्यानंतरच्या तेवीस वर्षांतल्या त्याच्या पत्रांत ही जखम पुन्हा पुन्हा वर येते. त्याला आलेल्या पत्रांचा मोठा भाग त्याच्या मृत्यूनंतर नाहीसा झाला, त्यामुळे आपल्याला मुख्यतः त्याचाच आवाज ऐकू येतो, तोही दुसऱ्यांनी जपून ठेवलेल्या पत्रांतून. एकटाच बोलणारा माणूस नेहमी जास्त कटकट्या वाटतो. संग्रहात समोरच्याची उत्तरं आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही स्वभावावर शेरा मारू नका.

आणि आता याच्या शेजारी लंडन ठेवा, कारण अगदी तेच भांडण त्याच सुमाराला क्यूमध्ये चाललं होतं. वडिलांनंतर १८६५ मध्ये जोसेफ हूकर संचालक झाला होता. १८६९ मध्ये सार्वजनिक बांधकामाचं खातं ॲक्टन स्मी एर्टनकडे आलं, आणि क्यू त्या खात्याखाली होतं. हा एर्टन जन्माने क्यूचाच, पण त्याने आपली पुंजी कमावली ती मुंबईत सॉलिसिटर म्हणून. पैशाच्या बाबतीत काटेकोर, आणि शास्त्रज्ञांबद्दल फारसा आदर नसलेला. त्याच्या लेखी क्यू ही सार्वजनिक बाग होती आणि हूकर हा तिचा व्यवस्थापक. काचघरं तापवण्याच्या यंत्रणेचा निर्णय त्याने हूकरच्या हातून काढून घेतला. हूकरच्या हाताखालच्या क्युरेटरला परस्पर दुसऱ्या पदाबद्दल विचारलं. वरकरणी या किरकोळ गोष्टी वाटतात. पण उष्ण कटिबंधातली झाडं इंग्लंडच्या थंडीत बॉयलरच्या भरवशावर जगतात, आणि बॉयलर ज्याच्या हातात त्याच्या हातात संग्रह.

हूकरची या काळातली पत्रं दोन आवाजांत आहेत. खात्याला लिहिलेली पत्रं मोजूनमापून, मुद्दा क्रमांकासह. चार्ल्स डार्विनला लिहिलेली त्याच दिवसांतली पत्रं संतापाने, हताशेने भरलेली. एकाच घटनेची ही दोन रूपं शेजारी ठेवून वाचलीत की सरकारी पत्रातलं कोणतं सभ्य वाक्य म्हणजे खरा वार आहे, ते लक्षात येतं. सरकारने प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनचं मत मागवलं. ब्रिटिश म्युझियममध्ये स्वतःचं हर्बेरियम होतं आणि ओवेन तिथला. परदेशी वाळक्या तणांना रानटी जोडनावं (दोन शब्दांची लॅटिन नावं) चिकटवणं एवढंच क्यूच्या हर्बेरियमचं फलित, असा त्याच्या अहवालाचा सूर होता. म्हणजे वाद बॉयलरवरून सुरू झाला आणि देशाचा मुख्य वनस्पतिसंग्रह कुठे राहणार या प्रश्नावर जाऊन पोचला. गाऱ्हाणं क्षुल्लक दिसलं म्हणून पान उलटू नका म्हणतो ते यासाठीच.

१८७२ मध्ये हूकरच्या बाजूने पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे एक निवेदन गेलं. त्यावर डार्विन, लायेल, हक्सली, टिंडल, बेंथम या नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. संसदेत चर्चा झाली. पुढच्या वर्षी एर्टनचं खातं बदललं गेलं, आणि हूकर रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याच १८७३ मध्ये मेलबर्नला म्युलरची बाग गेली. दोघांचा मुद्दा एकच होता: उद्यान ही विज्ञानसंस्था आहे, करमणुकीची जागा नव्हे. हूकरच्या पाठीशी उभे राहणारे मित्र लंडनात किंवा आसपासच होते, एका निरोपावर जमणारे. म्युलरचे मित्र दोन महिन्यांच्या टपालापलीकडे होते. मुद्द्याच्या बळावर निकाल लागला असं हे दोन निकाल शेजारी ठेवून मला तरी म्हणता येत नाही.

तुमच्या प्रश्नात भारताचा उल्लेख नाही, पण कलकत्त्याचं वॉलिक आणि ग्रिफिथ यांचं भांडण टाळून हा विषय पुरा होत नाही. नॅथॅनिएल वॉलिक कलकत्ता उद्यानाचा दीर्घकाळ अधीक्षक. आसामात चहाची लागवड करता येईल का हे पाहायला १८३५ मध्ये तो गेला तेव्हा तरुण विल्यम ग्रिफिथ बरोबर होता, आणि तिथूनच दोघांचं बिनसलं. १८४२ मध्ये वॉलिक आजारपणामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या केपला गेला आणि उद्यान ग्रिफिथच्या हाती आलं. ग्रिफिथने जुनी झाडं तोडून बाग शास्त्रीय वर्गीकरणाप्रमाणे लावायला घेतली. १८४४ मध्ये परतलेल्या वॉलिकने लिहिलं की मी १८४२ मध्ये सोडून गेलेलं ते भव्य, अजोड उद्यान कुठे गेलं, हे तेच का? १८४८ मध्ये कलकत्त्याला आलेल्या जोसेफ हूकरलाही ते उजाड, सावली नसलेलं वाटलं. ग्रिफिथ मात्र १८४५ मध्येच, पस्तिशीही गाठायच्या आत, मलाक्काला वारला. त्यानंतर जे काही लिहिलं गेलं त्याला तो उत्तर देऊ शकत नव्हता. गंमत पाहा, म्युलर ज्या पद्धतीची बाग लावून हरला तीच पद्धत ग्रिफिथची होती, आणि इथे हूकरची सहानुभूती सावलीच्या बाजूला होती. ग्रिफिथने घाई केली हे मला मान्य आहे. पण वनस्पतींची गर्भरचना आणि फुलांची अंतर्रचना याबद्दलची त्याची निरीक्षणं पाहता त्याला नुसता बागमोड्या ठरवणाऱ्या पत्रांवर मी विसंबत नाही.

आता खासगीपणाबद्दल, कारण पत्रांतला खासगी भाग वगळावा का हेही तुमच्या मनात आहेच. २८ सप्टेंबर १८६३ चं हूकरचं डार्विनला पत्र वाचा. सहा वर्षांची मुलगी जाऊन तास झाला आहे, आणि या दुःखात इतर कुठल्याही मित्रापेक्षा तुझीच जास्त आठवण येते, असं तो लिहितो. डार्विननेही १८५१ मध्ये आपली मुलगी ॲनी गमावली होती. हेच दोघे एकमेकांना बिया, फळांचे आकार, बेटांवरच्या वनस्पती यांबद्दल चौदाशेच्या आसपास पत्रं लिहितात. जाती बदलतात असं मला जवळजवळ पटलं आहे, हे सांगणं म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखं आहे, हे डार्विनने ११ जानेवारी १८४४ ला याच हूकरला लिहिलं. १८४५ मध्ये हूकरने एका फ्रेंच लेखकाबद्दल लिहिलं की ज्याने स्वतः जातींचं बारकाईने काम केलेलं नाही त्याचं या विषयावरचं म्हणणं मी सहज मान्य करणार नाही. डार्विनने ते स्वतःला लावून घेतलं. त्यानंतर त्याने आठ वर्षं बार्नॅकल्सवर (खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवांवर) घातली, त्यामागे या टोचणीचाही वाटा होता. मैत्रीतली बोच आणि संशोधनाची दिशा इथे वेगळी काढताच येत नाहीत.

शेवटी ज्यांची गाऱ्हाणी पत्रांत सापडत नाहीत त्यांच्याकडे या. वॉल्टर हूड फिचने क्यूच्या नियतकालिकासाठी आणि ग्रंथांसाठी १८३४ पासून हजारो चित्रं काढली, दहा हजारांच्या घरात. १८७७ मध्ये मोबदल्यावरून हूकरशी बिनसलं आणि त्याने काम सोडलं. त्याला १८८० मध्ये वर्षाला शंभर पौंडांचं सरकारी निवृत्तिवेतन मिळालं. फिच निदान भांडू शकत होता, कारण तो लंडनमध्ये होता आणि त्याचं नाव प्रत्येक चित्राखाली होतं. दक्षिण भारतात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटसाठी चित्रं काढणारे रंगय्या आणि गोविंदू यांची नावं आपल्याला कळतात ती वाइटने ती छापली म्हणून. गोविंदूच्या नावाने तर त्याने ऑर्किडची एक प्रजातीच केली. पुण्याजवळ दापोडीच्या उद्यानात, अलेक्झांडर गिब्सनच्या देखरेखीखाली, १८४७ ते १८५० मध्ये एका चित्रकाराने दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रं काढली. ती आता एडिनबरोच्या उद्यानात आहेत. तो पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच नोंदलेलं आहे, नाव नाही. गिब्सनची सरकारला लिहिलेली पत्रं आहेत, कोकणातली जंगलतोड आणि नद्यांत साचणारा गाळ यांवर कळकळीने लिहिलेली. त्या चित्रकाराला वेळेवर पैसे मिळाले का, चित्रं कुठे गेली हे त्याला कळलं का, ते विचारायला एकही कागद नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर हूकर आणि डार्विनची १८७१-७२ ची पत्रं घ्या. ती छापील आहेत, ऑनलाइनही आहेत, आणि तळटीपा चांगल्या आहेत. हूकरच्या अक्षराशी झुंजायची गरज पडणार नाही. त्यानंतर म्युलर. मग क्यूच्या संचालकांना आलेल्या पत्रांचे दोनशेहून अधिक बांधीव खंड. त्यांत आपल्या बाजूची पत्रं शोधताना माणसाचं नाव, नमुन्याची तारीख आणि हर्बेरियमची शीट एकत्र तपासा. शीटवर डकवलेली छोटी चिठ्ठी किंवा पेन्सिलीने खोडलेलं आधीचं नाव दिसलं तर त्याच महिन्यातली पत्रं आधी काढा. नाव खोडलं गेलं आहे, तिथे बहुधा कोणीतरी दुखावलेलं असतं.